माझे कान मुलाच्या फोनमध्ये

माझ्या कानांचं वाटोळं महापेच्या एका प्रेस शॉपने केलं. पत्रा कापणारी मशीनं दिवसभर आदळत असायची आणि आम्ही कानात कापसाचे बोळे घालून उभे असायचो. ते बोळे आवाजासाठी नव्हते, साहेब फिरायला आला तर घातलेत म्हणून दाखवायला होते. नोकरी संपेपर्यंत निम्मं ऐकणं गेलं होतं, पण मला त्याचा पत्ता नव्हता. मला वाटायचं, लोकच हल्ली पुटपुटायला लागलेत. टीव्हीवर बातम्या देणारी मुलगी पुटपुटते, बँकेतली पुटपुटते आणि माझी बायको तर मुद्दामच पुटपुटते. पुरुषांचे जाड आवाज यायचे. बायकांचे बारीक आवाज आधी जातात, असं नंतर डॉक्टरने सांगितलं. त्यात माझी मुलगी पहिल्यापासून हळू बोलणारी. तिचं बोलणं मी बरीच वर्षं तिच्या तोंडाकडे बघून चालवून घेत होतो.

त्या शॉपमध्ये आमची एक रीत होती. फोरमन यायचा आणि समोर उभा राहून तोंड हलवायचा. आवाजात काही कळायचं नाही. पण 'काय?' असं कोणी विचारायचं नाही, कारण विचारलं की तो भडकायचा आणि पुन्हा तसंच तोंड हलवायचा. म्हणून आधी मान हलवायची, 'हो' म्हणायचं, आणि तो पुढे सरकला की शेजारच्याला खुणेने विचारून घ्यायचं. त्यालाही कळलेलं नसेल तर त्याच्या पलीकडच्याला. एवढ्या माणसांत एखाद्याला तरी कळलेलं असायचंच. माझी सगळी नोकरी अशी झाली आणि काम कधी चुकलं नाही. मग घरातही तीच सवय लागली. समोरचा काही म्हणाला की हो म्हणायचं आणि नंतर बायकोला विचारायचं. ती बिचारी माझी शेजारच्या प्रेसवरची सोबतीण.

कानाचं मशीन घ्यायचं ठरलं ते मुलीच्या हट्टामुळे. ती माझी थोरली. बेलापूरच्या एका हॉस्पिटलात रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. कानाची डॉक्टरीण तिनेच शोधली, वाशीला तिनेच नेलं. धाकटा मुलगाही बरोबर आला होता. तिथल्या मॅडमनी माझ्या दोन्ही कानांमागे वालाच्या शेंगेएवढी दोन मशीनं बसवली आणि म्हणाल्या, हे आता मोबाईलवरून चालवायचं, ॲप आहे. माझा फोन त्यांनी हातात घेऊन बघितला आणि परत दिला. मुलाचा आयफोन मागून घेतला. तुम्हाला दाखवण्यापुरतं यावर जोडते, तुमच्या फोनवर घरी जाऊन घाला, म्हणाल्या.

त्यांनी काहीतरी दाबलं आणि पंख्याचा आवाज आला. मग बाहेर कोणाच्या तरी चपलांचा आला. मुलगी शेजारी बसून म्हणाली, "पप्पा, आता कसं वाटतंय?" एवढंच. पण त्या 'कसं'मधला स माझ्यापर्यंत आला. किती वर्षांत स, श असलं काही माझ्या कानात शिरलं नव्हतं. मला भरून आलं. एरवी भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून वाद घालणारा मी, त्या मॅडमना एका शब्दाने कमी करा म्हणालो नाही. फंडातले पैसे होते, ते दिले.

मॅडमनी पुढची गंमत दाखवली. फोनवर चित्रं होती. ताटली आणि काटा-चमच्याचं चित्र दाबलं की आजूबाजूचा गोंगाट मागे जायचा आणि समोर बोलणारा पुढे यायचा. चार माणसं जमली की हे लावायचं, म्हणाल्या. फोन आला तर समोरच्याचा आवाज थेट कानात. मी खुर्चीत बसून एखाद्या लहान पोरासारखा सगळं करून बघत होतो.

घरी, कोपरखैरण्याला आलो आणि माझ्या फोनवर ॲप घातलं. नाव तेच, निळं चित्र तेच. आत एक आडवी पट्टी होती. डावीकडे सरकवली की आवाज कमी, उजवीकडे जास्त. संपलं. ताटली नाही, चमचा नाही. फोन आला की तो आपला बाहेरच वाजत राहायचा, कानात यायचा नाही. आणि फोन खिशात ठेवला की थोड्या वेळाने कानात टुणटुण व्हायचं, म्हणजे जोडणी तुटली. मग पुन्हा फोन काढा, ॲप उघडा, मशीनं शोधा. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. आपल्या वयाच्या माणसाला आधी हेच वाटतं आणि या कंपन्यांना तेच हवं असतं.

मुलीने कंपनीला विचारायचं ठरवलं. बहिऱ्यांसाठी या लोकांनी मदतीची सोय ठेवली होती ती फोनवर. मला काही ऐकू येईना, म्हणून तीच बोलली. तिकडची मुलगी म्हणे अगदी गोड होती. ॲन्ड्रॉईडवर काम चालू आहे, पुढच्या अपडेटमध्ये सगळं येईल. मी अपडेटची वाट बघू लागलो. एक आलं, त्यात निळं चित्र हिरवं झालं. दुसरं आलं, त्यात आडवी पट्टी उभी झाली. तिसऱ्याच्या वेळी पट्टीच गायब झाली आणि आठवडाभर मी होतो त्याच आवाजात राहिलो. मी चिडून त्या दुकानात, म्हणजे जिथून ॲप उतरवतात तिथे, एक तारा दिला आणि मराठीत चार ओळी लिहिल्या. खाली इंग्रजीत उत्तर आलं की तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.

माझा मुलगा हेच काम करतो. त्याच महापेत, काचेच्या बिल्डिंगमध्ये, कुठल्यातरी परदेशी बँकेचं ॲप त्याची कंपनी बनवते. मी त्याला विचारलं, एकाच मशीनचं एकच ॲप, मग तुझ्या फोनवर राजा आणि माझ्या फोनवर भिकारी असं का? त्याला प्रश्नच गमतीचा वाटला.

"पप्पा, सगळीकडे असंच असतं. आमच्याकडे पण. आयफोनला पूर्ण टीम, ॲन्ड्रॉईडला दोन पोरं. फोन शंभर प्रकारचे, कशावर काय अडकेल सांगता येत नाही. आणि खर्च करणारं पब्लिक तिकडे. त्यात साहेबाच्या हातात पण आयफोन. तो त्यावर बघतो, चांगलंय म्हणतो, विषय संपला."

मी विचारलं, दुसऱ्या फोनवर तो कधीच बघत नाही? मुलगा म्हणाला, कशाला बघेल.

हे मला फार लागलं. आमच्या शॉपमध्ये एकाच डायमधून निघालेला माल एका गिऱ्हाइकाला सरळ आणि दुसऱ्याला वाकडा गेला असता तर फोरमनने ती डाय माझ्या डोक्यात घातली असती. वाकडा माल भंगारात जायचा. या लोकांची तऱ्हा वेगळी. वाकडा माल हे त्याच नावाने, त्याच खोक्यात घालून, वर हसून देतात. मशीनचे पैसे मात्र मी तेवढेच मोजले होते, बहिरेपणाही माझा तेवढाच होता. मी हे मुलाला म्हणालो. तो म्हणाला, "चालतंय तेवढं चालवायचं, पप्पा." त्याने मला त्याच्यासारखा फोन घ्या असंही सुचवलं. मी नाही म्हणालो. कानांसाठी मशीन घ्यायचं आणि मशीनसाठी पुन्हा फोन घ्यायचा, हे होणार नाही, असा माझा हट्ट होता, आणि खरं सांगायचं तर फंडही आता तसा राहिला नव्हता.

मग तोडगा निघाला तो असा, की माझी मशीनं मुलाच्याच फोनला जोडलेली राहू द्यायची. सकाळी तो ऑफिसला गेला की मला घरातलं आपलं मोघम ऐकू यायचं. संध्याकाळी तो आला की म्हणायचो, अरे, जरा लाव ना. तो बूट काढता काढता ताटली-चमचा दाबायचा आणि आमच्या हॉलमध्ये माणसं बोलू लागायची. पाण्याची वेळ असते ना, तशी माझी ऐकायची वेळ झाली. ती वेळ गाठायला मुलगीही यायची. दिवसपाळी असली की माझ्याजवळ बसायची आणि लॅबमधलं सांगायची. नवीन मुलींना तीच शिकवते, सगळ्या बेलापूरचं रक्त आधी माझ्या हाताखालून जातं, असं ऐटीत म्हणायची. मी म्हणायचो, मग माझंही बघ, त्यात राग किती निघतो. ती हसायची आणि मला ते हसणं ऐकू यायचं.

एकदा मी मुलावर कशावरून तरी ओरडत होतो आणि मध्येच माझाच आवाज मला लांबून येऊ लागला. बघतो तर तो फोन हातात घेऊन हसतोय. त्याने आवाज कमी केला होता. बायको हसली, मीही हसलो. घरातली गंमत म्हणून तो विषय तिथेच सोडून दिला.

मुलीच्या लग्नाचं बघणं चालूच होतं. तिशी जवळ आली होती आणि आमचे साताऱ्याकडचे नातेवाईक फोन करकरून आठवण देत होते. दोन स्थळं माझ्यामुळे गेली होती, असं घरात बोललं जायचं. एकाने मुलगी चष्म्याशिवाय कशी दिसते ते बघू का म्हणून विचारलं होतं, त्याला मी बस स्टॉपचा रस्ता दाखवला होता. दुसऱ्याने नोकरी सोडावी लागेल म्हटलं होतं, त्यालाही मीच उठवलं. मुलाची घाई वेगळी होती. त्याच्या ऑफिसात एक मुलगी होती, दोघांचं ठरलं होतं, आणि तिच्या घरचे थांबायला तयार नव्हते. पण थोरली बहीण घरात असताना धाकट्याचं आधी करायचं हे बायकोला मान्य नव्हतं. तेव्हा ताईचं झालं की माझं, असा तो रोज कॅलेंडरकडे बघायचा.

मग कामोठ्याचं स्थळ आलं. मुलगा बँकेत, वडील नाहीत, काकांनी वाढवलेला. मुलाला मुलगी आणि मुलीला मुलगा आवडला. बोलणी करायला ते रविवारी येणार होते. आदल्या संध्याकाळी मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. भावाकडून तिने आधी ताटली-चमचा लावून घेतला होता.

"पप्पा, मुलगा बरा आहे. पण उद्या त्यांनी नोकरीचं काढलं तर तुमी बोला. मी मध्ये तोंड घातलं तर बरं दिसणार नाही, आणि आई काय बोलणार नाही. तुमी तेवढं ठाम राहा. बाकी कशाचं मला काय नाही."

मी म्हणालो, तुझ्या नोकरीला हात लावायला कोणी आला तर त्याला दारातूनच परत पाठवीन. ती म्हणाली, दारातून नको, पोहे खाऊन झाल्यावर पाठवा. आम्ही दोघं हसलो. तिचा जीव हलका झालेला मला दिसला. हे सांगायचं कारण, तिने माझ्याकडे दुसरं कधी काही मागितलं नव्हतं. शिकली ती स्वतःच्या जिवावर, लॅबला लागली ती स्वतःच्या जिवावर. मागितला तो एक शब्द, आणि तोही माझ्या आवडीचा.

रविवारी पाहुणे आले. काका, मुलगा आणि मुलाची आई. आमच्या हॉलमध्ये तेवढीच माणसं मावतात. मी आणि काका सोफ्यावर, मुलगा खुर्चीवर, त्याची आई दिवाणावर आमच्या हिच्याजवळ. माझा मुलगा टीव्हीच्या कडेला स्टुलावर, हातात फोन घेऊन. त्याने सुरुवातीलाच खूण केली, लावलंय. आणि खरंच सगळं स्वच्छ येत होतं. काकांचं गाव, उसाला पाणी, एसटीची बोंब. पोहे आले, चहा आला. ही आणि मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. काका माझ्याच भागातले, दोन-चार ओळखीही निघाल्या. मी खुशीत होतो.

मग सगळे आवाज मागे गेले. कोणीतरी शेजारच्या खोलीत जाऊन दार ओढून घ्यावं तसे. मला वाटलं मशीनची बॅटरी गेली. कानाला हात लावून बघितला. माझा फोन आत चार्जिंगला होता आणि असता तरी त्याचा काय उपयोग. मी मुलाकडे बघितलं आणि बोटाने कान दाखवला. तो फोनमध्ये बघत होता. त्याने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि अंगठा उंच केला. सगळं ठीक चाललंय, असा.

काका माझ्याकडे वळून बोलत होते. बराच वेळ बोलले. छातीवर हात ठेवला, हसले, मुलाच्या आईकडे हात दाखवला, पुन्हा हसले. मला त्यांच्या ओठांवरून 'पद्धत' एवढा एक शब्द कळला. शेवटी त्यांनी भुवया वर केल्या आणि थांबले. ती मुद्रा मी आयुष्यभर बघितली होती. फोरमन बोलून थांबला की त्याचा चेहरा असाच व्हायचा. आणि माझी मान आपोआप हलली. हो हो, काही हरकत नाही, असं मी म्हणालो.

काकांनी दोन्ही हात जोडले. त्यांचा पुतण्या जमिनीकडे बघत होता. मी दाराकडे बघितलं, मुलगी पेढ्यांची बशी घेऊन उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, लाजली. मी तिच्याकडे बघून हसलो. तिने बशी फ्रिजवर ठेवली आणि आत गेली. आता नेहमीप्रमाणे मला बायकोला विचारायचं होतं, काय म्हणाले ते. पण बायकोही तिच्यामागे आत गेली होती. शेजारच्या प्रेसवर कोणी नव्हतं. पाहुणे उठले, मी त्यांना बस स्टॉपपर्यंत सोडलं आणि परत आलो तेव्हा मुलगी रात्रपाळीला निघून गेली होती. बायको डोकं दुखतंय म्हणून पडली होती. मुलाला विचारलं तर तो म्हणाला, सगळं छान झालं, पप्पा.

सकाळी मशीनं चार्जरवरून काढून घातली आणि सगळं पुन्हा नेहमीसारखं ऐकू आलं. बॅटरी गेली नव्हती. ती मशीनं रात्री चार्जरवर ठेवली की सकाळी आपल्या मूळ आवाजावर येतात, हे मला माहीत होतं. पण त्याचा अर्थ तेव्हा डोक्यात आला नाही. बायको भांडी आपटत होती, ती प्रत्येक भांड्यासकट ऐकू येत होती. मुलगी पाळीवरून येऊन भिंतीकडे तोंड करून झोपली होती. मी बायकोला विचारलं, काल काय ठरलं?

"काय ठरलं म्हणजे? तुमीच ठरवलं की."

मग तिने सांगितलं. काका म्हणाले होते, आमच्यात सुनांनी बाहेर नोकरीला जायची पद्धत नाही. वहिनी एकटी असते, तिला घरात सोबत पाहिजे. लग्नानंतर मुलीने नोकरी सोडावी, एवढं एकच आमचं म्हणणं, बाकी आम्हाला काही नको. तुमची काय हरकत? आणि तुम्ही म्हणालात, काही हरकत नाही.

"आन् वर पोरीकडं बघून हसलात. मला वाटलं, आता हे काय नवीन."

मी तिथेच ओट्याला टेकलो. मग आदल्या दिवशीचा तो अंगठा आठवला.

मुलगा ऑफिसला निघायच्या तयारीत होता, बुटाची नाडी बांधत होता. मी त्याला विचारलं, तू माझा आवाज कमी केलास का? तो खोटं बोलला नाही, हे त्याच्याबाजूने सांगायला हवं. खोटं बोलावं असं काही केलंय, असं त्याला वाटतच नव्हतं.

"तुमी चिडला असता, पप्पा. हे पण स्थळ गेलं असतं."

"म्हणून माझे कान बंद केलेस?"

"बंद नाय केले. कमी केले. दोन मिनिटं फक्त. ताईचं वय बघा ना. नोकरीचं काय, लग्न झाल्यावर बघता येतं. एकदा आत गेली की हळूहळू सगळं होतं ॲडजस्ट."

ॲन्ड्रॉईडला दोन पोरं का बसवतात हे त्याने ज्या आवाजात सांगितलं होतं, त्याच आवाजात तो हे सांगत होता. त्यात राग नव्हता की लाज नव्हती. ज्याच्याकडून काही मिळणार नाही त्याला कमी दिलं तरी चालतं, हा त्याचा हिशोब होता आणि तो त्याला ऑफिसात रोज शिकवला जातो. मला त्याला थोबाडीत मारावीशी वाटली. मारली नाही. तेव्हा वाटलं की माझ्या फोनवर ते ॲप नीट चाललं असतं तर माझ्या कानांची दोरी त्याच्या हातात गेलीच नसती. आणि मग त्या कोण कुठल्या साहेबाचा, ज्याने दुसऱ्या फोनवर कधी बघितलंच नाही, मला असा संताप आला की सांगता सोय नाही. एवढा राग मला फोरमनचाही कधी आला नव्हता.

मुलीला उठवून सांगावं असं मनात आलं. पण नुसतं सांगून काय उपयोग, आधी निस्तरून येऊ, मग सांगू, असं ठरवलं. काकांना फोन करायची सोय नव्हती. त्यांनी तिकडून काय उत्तर दिलं ते मला कळलंच नसतं आणि पुन्हा कशाला तरी हो म्हणून बसलो असतो. कपडे घातले, बस पकडली आणि कामोठ्याला गेलो. वाटेत मी ओळी पाठ करत होतो. शाळेतसुद्धा कधी एवढं पाठ केलं नव्हतं.

काकांची बिल्डिंग सापडली, तिसरा मजला. दार त्यांनीच उघडलं. आत या म्हणत होते, मी पॅसेजमध्ये चपलांच्या कपाटाशीच उभा राहिलो. म्हणालो, काल मी जे बोललो ते न ऐकता बोललो. मला कमी ऐकू येतं. माझी मुलगी नोकरी सोडणार नाही, आणि त्यावर तुमचं जमत नसेल तर हे लग्न होणार नाही. कमी ऐकू येतं, हे वाक्य मी परक्या माणसापुढे पहिल्यांदाच म्हणत होतो. ते निघालं तेव्हा मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं.

काका काहीतरी बोलले. खाली बघून, हळू. मी म्हणालो, मोठ्याने बोला. त्यांनी शेजारच्या दारांकडे बघितलं आणि पुन्हा काहीतरी म्हणाले. मला 'काल' एवढंच आलं. मी कानाजवळ हात नेला आणि म्हणालो, अजून मोठ्याने. मला वाटलं, कालची ती मागणी हा माणूस आता पुन्हा हळूच, गोड बोलून माझ्या गळ्यात घालतोय. या वेळी मी त्याला सोडणार नव्हतो. सगळ्या मजल्याला ऐकू जाऊ दे, असा माझा विचार होता.

तेव्हा ते ओरडले. "अवो पाव्हणं, तुमच्या पोरीनं कालच फोन करून न्हाई म्हणून सांगितलंय. तुमाला घरात कुणी काय सांगत न्हाई काय?"

समोरचं दार उघडलं. एक बाई बघून आत गेली. मुलाच्या आईने पाणी आणलं. ती बाई वाईट नव्हती, पेला माझ्या हातात नीट धरून दिला. मी पाणी प्यायलो, पेला परत दिला आणि खाली आलो.

बसमध्ये आधी मला बरंच वाटलं. माझी पोर वाचली, आणि स्वतःच वाचली, माझ्यासारखीच फटकळ तोंडाची निघाली, असं म्हणून मी खिडकीशी बसून एकटाच हसलोसुद्धा. मग हळूहळू दुसरं लक्षात येऊ लागलं. तिने फोन केला तो पाळीवर जाताना, पाहुणे अजून पोहोचलेही नसतील तेव्हा. पप्पा असं का म्हणाले, हे तिने मला विचारलं नव्हतं. एका मानेच्या हलण्यावरून तिने मला सोडून दिलं होतं. एवढी वर्षं पाठीशी उभा असलेला बाप त्या दोन मिनिटांत तिच्या मोजणीतून गेला होता. आणि मी बाराच्या उन्हात कामोठ्यात जाऊन नको असलेला नकार पोहोचवून आलो होतो.

घरी आलो तेव्हा ती उठली होती, केस विंचरत होती. मी तिला सगळं सांगितलं. भावाचा फोन, आवाज, अंगठा, कामोठे. ती केस विंचरतच राहिली. सांगून झाल्यावर म्हणाली, आईने सकाळीच सांगितलं मला, तुम्ही गेल्यावर. मला वाटलं, चला, मग मिटलं. तुमची चूक नव्हती, असं ती म्हणेल, याची मी वाट बघत होतो.

ती उठून माझ्याजवळ आली, समोर बसली आणि सावकाश, एकेक शब्द तोडून बोलली.

"पप्पा, तुमची चूक नाय, मला कळतंय. पण काल मशीन होतं, उद्या आणखी काय असेल. माझं मी बघते यापुढे. तुमी नका टेन्शन घेऊ."

मी म्हणालो, असं काय बोलतेस, मी आहे ना. तिने माझा हात थोपटला, जसा हॉस्पिटलात सुई टोचून झाल्यावर पेशंटचा थोपटत असेल, आणि डबा भरायला आत गेली.

मुलाचं लग्न त्या वर्षी झालं. बायकोने हट्ट सोडला. लग्नानंतर तो ऐरोलीला राहायला गेला आणि जाताना त्याने नवीन फोन घेतला म्हणून जुना आयफोन मला दिला. त्याच्या मते त्यात सगळं मिटलं. मीही तो घेतला, मानी माणसाचं सोंग मला परवडणारं नव्हतं. आता माझ्या फोनवर ताटली आहे, चमचा आहे, फोन आला तर आवाज थेट कानात येतो. कंपनीने श्रीमंतांसाठी जे जे केलंय ते सगळं मला मिळतं. खाली वॉचमन कोणाशी काय बोलतो तेही गॅलरीतून कळतं.

मुलगी आमच्याबरोबरच असते. मशीनची मळ अडवणारी बारीक जाळी तीच बदलते, वाशीला मॅडमकडे तीच नेते. जेवलात का विचारते, गोळी घेतली का विचारते. पाळी संपवून आली की अजूनही माझ्याजवळ बसते, पण लॅबमधलं काही सांगत नाही, टीव्ही बघते. गेल्या महिन्यात तिने पनवेलच्या मोठ्या हॉस्पिटलात नोकरी धरली. बेलापूरची सोडली, तिकडे मुलाखत दिली, पगाराचं ठरवलं, हे सगळं केव्हा झालं मला माहीत नाही. मला ते एका सकाळी तिच्या गळ्यातल्या नव्या आयकार्डावरून कळलं.